जांघेतल्या गाठी दुर्बिणीने काढताना

शिश्नाच्या कॅन्सरचं निदान झालं की रुग्णाचं आणि घरच्यांचं सगळं लक्ष मूळ जखमेकडे असतं. किती भाग काढणार, लघवी उभ्याने करता येईल का, पुढे संसाराचं काय. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची नीट उत्तरं मिळायलाच हवीत. पण पाच वर्षांनी हा माणूस धडधाकट असेल का, हे बहुतेक वेळा जांघेतल्या लसिका ग्रंथींवर (लिम्फ नोड्सवर) ठरतं. त्या काढायचं ऑपरेशन आता दुर्बिणीने होतं, आणि ठाणे-नवी मुंबईकडचे रुग्ण हल्ली पहिल्याच भेटीत विचारतात, "डॉक्टर, दुर्बिणीने होईल ना?" बऱ्याच जणांचं होतं, सगळ्यांचं होत नाही. ज्यांचं होतं त्यांनाही या पद्धतीने काय वाचतं आणि काय वाचत नाही हे आधी कळायला हवं. त्यासाठी हे सविस्तर लिहितो आहोत.

हा कॅन्सर सहसा पायरी-पायरीने पसरतो. शिश्नातून निघालेल्या लसिका वाहिन्या आधी जांघेतल्या वरवरच्या ग्रंथींत येतात, मग फीमोरल शिरेलगतच्या खोल ग्रंथींत, आणि तिथून ओटीपोटातल्या म्हणजे पेल्व्हिक ग्रंथींत. जांघ वगळून कॅन्सर थेट ओटीपोटात गेला, असं जवळपास दिसत नाही. शिवाय या वाहिन्या मध्यरेषेवर एकमेकींत मिसळतात. त्यामुळे जखम डावीकडे असली तरी उजवी जांघ तपासावीच लागते.

अडचण अशी, की हाताला काहीच लागत नाही अशा जांघेतही २० ते २५ टक्के रुग्णांत सूक्ष्म कॅन्सर असतो. सीटी, एमआरआय, पेट स्कॅन यांपैकी कशालाच मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा ठिपका खात्रीने दिसत नाही. याउलट हाताला लागणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. फायमोसिसमुळे कातडी मागे सरकत नाही, आत जखम चिघळते, पू होतो आणि त्याने अवधाण (जांघेत सुजेची गाठ) येतं. म्हणून पूर्वी चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक देऊन गाठ बसते का ते पाहायची पद्धत होती. आमच्या मते ती पूर्णपणे सोडून द्यावी. पू असेल तर अँटिबायोटिक द्या, पण त्याच आठवड्यात सोनोग्राफीखाली एफएनएसी करा, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासा. ती निगेटिव्ह आली आणि गाठ तरी संशयास्पद वाटत असेल, तर पुन्हा करा. मुरबाड-शहापूरकडचा रुग्ण आधीच लाजेपोटी कित्येक महिने मेडिकलमधली मलमं लावून आलेला असतो. त्याचे आणखी सहा आठवडे आपण घालवू नयेत. मूळ जखमेच्या उपचारानंतर तीन महिन्यांच्या आत जांघेचा निकाल लागला पाहिजे.

कोणाचं दुर्बिणीने करावं

आधी बायप्सीचा रिपोर्ट नीट वाचावा. पेशींचा दर्जा कमी धोक्याचा, रक्तवाहिन्या-लसिका वाहिन्यांत किंवा नसांभोवती शिरकाव नाही आणि कॅन्सर कातडीखालच्या थरातच थांबलेला, अशा रुग्णाच्या जांघा सपाट असतील तर नियमित तपासणीवर ठेवता येतं. अट एकच, तो तपासणीला येत राहिला पाहिजे. टी-१-बी (कॅन्सर वरच्याच थरात, पण यांपैकी एखादी धोक्याची खूण असलेला) किंवा त्यापुढचा टप्पा असेल, तर हाताला गाठ लागत नसली तरी जांघेतल्या ग्रंथी काढून तपासाव्या लागतात.

अशा सपाट जांघेसाठी सर्वांत कमी इजेचा मार्ग म्हणजे सेंटिनेल नोड बायप्सी. जखमेभोवती टेक्नेशियम-९९एम लावलेला कोलॉइड टोचायचा, त्याचा माग काढत पहिली ग्रंथी शोधायची आणि तेवढीच काढायची. या किरणोत्सारी औषधांच्या किट्स अणुऊर्जा विभागाची ब्रिट ही संस्था वाशीतूनच पुरवते. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं असल्याने टोचणं, स्कॅन आणि ऑपरेशन यांचं वेळापत्रक घट्ट बांधावं लागतं. त्यासाठी न्यूक्लियर मेडिसिन विभाग, गॅमा प्रोब (किरणोत्सार टिपणारं यंत्र) आणि हे नेमाने करणारी टीम हवी. ते नसताना उगाच एखादी ग्रंथी काढून "निगेटिव्ह आहे" असं सांगण्यापेक्षा पूर्ण डिसेक्शन, म्हणजे जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढणं, परवडलं. दुर्बिणीच्या पद्धतीचा खरा उपयोग आम्हाला इथेच दिसतो. सपाट जांघ, धोक्याचा मूळ कॅन्सर आणि सेंटिनेलची सोय नाही.

गाठ हाताला लागते, पण छोटी आहे आणि हलते आहे, तिथे मतं वेगळी आहेत. युरोपातली युरॉलॉजी संघटना आणि अमेरिकेतली कॅन्सरतज्ज्ञांची संघटना ॲस्को यांनी २०२३ मध्ये मिळून काढलेल्या सूचनांत अशा रुग्णांसाठी खुलं ऑपरेशनच सुचवलं आहे आणि दुर्बीण फक्त संशोधन-चाचणीत वापरावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी अशा रुग्णांचंही दुर्बिणीने केलं जातं. करणाऱ्याने ही गोष्ट रुग्णाला ऑपरेशनआधी सांगायला हवी. गाठ खाली चिकटलेली, कातडीला धरलेली, फुटलेली किंवा चार सेंटिमीटरच्या पुढची असेल, तर दुर्बिणीचा विषयच नाही. तिथे आधी केमोथेरपी, आणि प्रतिसाद मिळाला तर खुलं ऑपरेशन. पॅक्लिटॅक्सेल, आयफॉस्फमाइड आणि सिस्प्लॅटिन या तीन औषधांचे सहसा तीन आठवड्यांच्या अंतराने चार डोस दिले जातात.

खुल्या ऑपरेशनात कातडी का मरते

जांघेच्या कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या फीमोरल धमनीतून निघतात आणि कातडीखालच्या चरबीतून जांघेच्या घडीला समांतर पसरतात. ग्रंथीही त्याच चरबीखाली बसलेल्या. खुल्या पद्धतीत घडीखाली आडवा छेद घेऊन वर-खाली कातडीचे पदर उचलतात. मुळाशी धमन्या बांधल्या जातात, आणि वरच्या-खालच्या पदराची कड नेमकी छेदावर येते. तिथलं रक्त कमी पडतं, कड काळी होते, टाके उसवतात, त्यात घाम, ओलावा आणि जंतू. खाली फीमोरल धमनी-शीर उघडी पडू नये म्हणून सार्टोरियस स्नायू सरकवून तिच्यावर पांघरावा लागतो. खुल्या ऑपरेशनच्या जुन्या मालिकांत जखमेची काही ना काही गुंतागुंत अर्ध्याअधिक रुग्णांत नोंदलेली आहे. कातडीखालचा पातळ पडदा राखून आणि सॅफेनस शीर वाचवून केलेल्या आजच्या खुल्या ऑपरेशनात हे प्रमाण बरंच कमी झालं आहे. तुलना करताना दुर्बिणीसमोर हे आजचं ऑपरेशन ठेवावं, पंचवीस वर्षांपूर्वीचं ठेवू नये.

दुर्बिणीत कातडीवरचा छेद जांघेत न घेता तिच्यापासून दूर, खाली मांडीवर घेतात. जिथे ग्रंथी काढल्या तिथली कातडी अखंड राहते. या पद्धतीचा सगळा फायदा एवढ्या एका गोष्टीत आहे. २००३ मध्ये अमेरिकेत बिशॉफ यांच्या गटाने ही कल्पना मांडली आणि २००६ मध्ये ब्राझीलच्या टोबियास-मचाडो यांच्या गटाने रुग्णांवर केलेली पद्धत सविस्तर लिहिली. तिचं नाव व्हिडिओ एंडोस्कोपिक इंग्वायनल लिम्फॅडेनेक्टॉमी, थोडक्यात व्हीईआयएल.

ऑपरेशन कसं होतं

रुग्ण उताणा, गुडघा किंचित वाकवलेला, मांडी बाहेर वळवलेली, गुडघ्याखाली उशी. केस वस्तऱ्याने काढू नयेत, क्लिपरने कापावेत, कारण वस्तऱ्याच्या बारीक जखमांत जंतू वाढतात. भूल देताना सेफाझोलिन २ ग्रॅम, आणि लघवीची नळी.

मग पेनने त्रिकोण आखायचा. पाया म्हणजे कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून प्यूबिक ट्युबरकलपर्यंतची रेषा, बाहेरची बाजू सार्टोरियस, आतली ॲडक्टर लाँगस, टोक खाली मांडीवर. ही आखणी गॅस भरण्याआधीच करायची. गॅस भरला की कातडी फुगते आणि बाहेरून काहीच अंदाज येत नाही.

पहिला छेद दीड-दोन सेंटिमीटरचा, त्रिकोणाच्या टोकाच्या दोनेक सेंटिमीटर खाली. स्कार्पा फॅशिया (कातडीखालच्या चरबीतला पातळ पडदा) ओलांडून बोटाने आणि बोथट कात्रीने फिरवत जागा करायची. दुसरं आणि तिसरं छिद्र दोन्ही बाजूंना साधारण ६ सेंटिमीटर अंतरावर, थोडं वर. सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड १५ मिमी (पारा) दाबाने काही मिनिटं, जागा झाली की ५ ते १० वर आणायचा. दाब तसाच ठेवला तर गॅस कातडीखालून अंडकोशात, पोटावर, छातीपर्यंत चढतो आणि भूलतज्ज्ञाच्या मॉनिटरवर एंड-टायडल सीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) वाढू लागतो. तो वाढला की आधी दाब उतरवा, मग श्वासाची गती वाढवा.

सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त चुकणारा भाग म्हणजे पहिला पदर, म्हणजे कातडी आणि ग्रंथींची चरबी यांच्यामधली पातळी. स्कार्पाचा पातळ पांढरट पडदा कातडीच्या बाजूला राहिला पाहिजे. पातळी त्याच्या वर गेली तर कातडीला रक्त नेणारी चरबी खरवडली जाते आणि दुर्बिणीनेही कातडी काळी पडते. खूप खाली गेली तर ग्रंथी कातडीलाच चिकटून मागे राहतात, आणि हे जास्त वाईट. सहाय्यकाने बाहेरून बोटाने कातडी दाबत राहावी. आतून दुर्बिणीचा उजेड कातडीतून सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. एका ठिकाणी तो फारच प्रखर दिसू लागला तर पदर पातळ होतोय असं समजून थांबावं. बारीक, कमी चरबीच्या माणसात हे विशेष कठीण जातं. लठ्ठ माणसात पातळी सापडते लवकर, पण खोली जास्त असल्याने वरचं टोक गाठताना हत्यारं अडकतात.

वर एक्स्टर्नल ऑब्लिक या पोटाच्या स्नायूचे पांढरे तंतू दिसेपर्यंत जायचं, इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेच्या घडीतल्या बंधाच्या) थोडं वर. आतल्या बाजूला वीर्यवाहिनीची दोरी असते, ती ओळखून बाजूला ठेवायची. मग खालून सॅफेनस शीर शोधून तिच्या मागे वर चढायचं, जिथे ती फीमोरल शिरेला मिळते त्या फॉसा ओव्हॅलिसपर्यंत. शीर कॅन्सरच्या गाठीत गुरफटलेली नसेल तर वाचवावी, तिच्या फांद्या क्लिप लावून कापाव्या. फीमोरल धमनीचा ठोका पडद्यावर दिसतो. तिच्या बाहेरच्या बाजूला खोल जायचं नाही, तिथे फीमोरल नस (नर्व्ह) आहे आणि ग्रंथी नाहीत. खोल ग्रंथी शिरेच्या आतल्या बाजूला असतात. लिगामेंटखाली पेक्टिनियस स्नायू दिसेपर्यंत साफ करत क्लोकेची ग्रंथी (खोल ग्रंथींतली सर्वांत वरची) काढली की वरची सीमा पूर्ण झाली.

लसिका वाहिन्या नुसत्या जाळून बंद होत नाहीत. साध्या मोनोपोलर कॉटरीने कापलेल्या वाहिन्या दुसऱ्या दिवसापासून गळतात. हार्मोनिक किंवा लिगाशुअर (वाहिनी बंद करून कापणारी हत्यारं) वापरा, आणि त्रिकोणाचं खालचं टोक आणि लिगामेंटजवळचं वरचं टोक या दोन ठिकाणी क्लिप लावाच, कारण मोठ्या वाहिन्या तिथे एकवटतात.

फीमोरल शिरेला किंवा तिला मिळणाऱ्या फांदीच्या मुळाला इजा झाली तर गॉझने दाबून धरावं, गॅसचा दाब तात्पुरता वाढवावा आणि नीट दिसेपर्यंत क्लिप मारू नये. आंधळ्या क्लिपने छोटं छिद्र मोठं होतं. दोन-तीन मिनिटांत आवरलं नाही तर सरळ वरून छेद घ्यावा. खुलं करण्यात कमीपणा नाही, आणि रुग्णाकडून त्याची संमती आधीच घेतलेली असावी.

काढलेला भाग पिशवीतच बाहेर काढायचा. छिद्रातून ओढून तुकडे झाले तर कॅन्सरच्या पेशी छिद्रात सांडतात आणि पॅथॉलॉजिस्टलाही गाठीबाहेर पसरलाय का ते सांगता येत नाही. उजवी-डावी वेगळ्या डब्यांत, नावानिशी. शेवटी दाब पाचवर आणून पुन्हा बघायचं, कारण गॅसच्या दाबाखाली शिरांचं रक्त दिसत नाही. खालच्या छिद्रातून सक्शन ड्रेन (आत साचणारं पाणी बाहेरच्या डब्यात खेचणारी नळी) घालून टाके.

एका बाजूला साधारण दीड-दोन तास. नवीन टीमला त्याहून जास्त, आणि तेव्हा दुसरी बाजू वेगळ्या दिवशी करणं शहाणपणाचं. रोबोटने मनगटासारखी वळणारी हत्यारं मिळतात आणि लिगामेंटखालचा भाग सोपा होतो. आयसीजी या चमकणाऱ्या रंगाने कातडीचा रक्तपुरवठाही पाहता येतो. पण रोबोटमुळे कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमी होतं, असं सिद्ध झालेलं नाही. रुग्णाने कर्ज काढून रोबोट निवडावा असं आम्हाला वाटत नाही. हात बसलेला सर्जन साध्या दुर्बिणीनेही हेच काम करतो.

कातडी वाचते, लसिका वाचत नाही

छेद कुठेही घ्या, ग्रंथी तेवढ्याच काढल्या जातात. प्रत्येक बाजूला किमान सात-आठ तरी मिळाल्या पाहिजेत, नाहीतर डिसेक्शन अपुरं. पायाकडून वर जाणारी लसिका मग साचणारच, आणि पायाला सूज येण्याचा धोका दुर्बिणीनेही राहतो. जखम चिघळणं आणि कातडी मरणं हे मात्र स्पष्टपणे कमी होतं, आणि रुग्ण लवकर घरी जातो. पण लवकर घरी गेल्यामुळेच ड्रेनकडे दुर्लक्ष होतं. बाहेर तीन छोटे टाके दिसतात, म्हणून माणूस आठवड्यात कामावर जायला निघतो. आत मात्र तळहाताएवढी पोकळी कोरी झालेली असते आणि ती चिकटायला वेळ लागतो.

ड्रेनचा डबा रोज एकाच वेळी रिकामा करून आकडा वहीत लिहा. पहिले एक-दोन दिवस तांबूस, मग पिवळसर. २४ तासांत ५० मिलीपेक्षा कमी, असं सलग दोन दिवस झालं की काढतात. त्याला एक ते तीन आठवडे लागू शकतात. घाई करून काढला तर पाणी आत साचतं. डबा दाबून निर्वात ठेवलेला आहे ना, हे दिवसातून दोनदा पाहा. तो फुगला की सक्शन संपलं, आणि आकडा कमी दिसतो तो खोटा. अचानक शून्य आलं आणि जांघ फुगली तर नळी तुंबली आहे. त्या दिवशीच दाखवा. ड्रेन काढल्यानंतर साचलेलं थोडं पाणी दुखत नसेल तर तसंच राहू द्यावं. वारंवार सुई घालून काढलं तर जंतुसंसर्ग होतो.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एनोक्सापॅरिन ४० मिग्रॅ रोज पोटाच्या कातडीखाली, मोठ्या कॅन्सर ऑपरेशननंतर चार आठवड्यांपर्यंत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलतो. इंजेक्शन मांडीत किंवा जांघेजवळ टोचू नये. पहिल्या दिवसापासून घोटे हलवायचे, दुसऱ्या दिवशी चालायचं. बसताना पाय वर. उकिडवं आणि मांडी घालून बसणं काही आठवडे बंद, दुचाकीही बंद. ठाणे-पनवेल लोकलमध्ये दारात तासभर उभं राहणं सुरुवातीला टाळावं, जागा मिळेल अशा वेळेची गाडी धरावी.

ड्रेन निघाल्यावर मापाचे स्टॉकिंग्ज, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घालायचे आणि रात्री काढायचे. दुकानातला अंदाजाने घेतलेला जोड गुडघ्याखाली वळकटी करतो आणि सूज वाढवतो, त्यामुळे घोटा, पोटरी आणि मांडी यांचं माप देऊनच घ्या. एप्रिल-मेच्या घामात ते घालणं नकोसं होतं, हे आम्हाला ठाऊक आहे. दोन जोड ठेवा, रोज धुवा, आणि निदान उभं राहण्याच्या वेळी तरी घाला. पायाला साधी चीरही पडू देऊ नका. भातलावणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्यांना हे अवघड आहे, पण गमबूट हवेतच. बोटांमधल्या चिखल्यांना लगेच मलम लावा. पाय एकाएकी लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर तो सेल्युलायटिस. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं नाही तर प्रत्येक वेळी सूज थोडी कायमची वाढते.

रिपोर्ट आल्यावर

दोन आठवड्यांत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या आणि त्यात तीन गोष्टी शोधा. प्रत्येक बाजूला एकूण किती ग्रंथी, त्यांपैकी किती कॅन्सरच्या, आणि कॅन्सर ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलाय का. एका बाजूला तीन किंवा अधिक ग्रंथी बाधित असतील किंवा कवच फुटलं असेल, तर त्या बाजूच्या ओटीपोटातल्या ग्रंथी काढण्याचा विचार करावा लागतो. पुढे केमोथेरपी किंवा रेडिएशन द्यायचं का, हे ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या कॅन्सरतज्ज्ञांच्या बैठकीत) ठरतं. हा दुर्मिळ आजार आहे. एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये मूळ जखम काढली असेल, तरी जांघेसाठी मोठ्या केंद्राचं मत घ्यावं. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे, परळला मुख्य हॉस्पिटल. जाताना बायप्सीच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक बरोबर न्या. नुसता रिपोर्टचा कागद नेला तर पुन्हा हेलपाटा होतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ॲडमिट होण्याआधीच आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार दाखवून मंजुरी घ्यावी, आणि दुर्बिणीची किंवा रोबोटची हत्यारं त्या पॅकेजमध्ये धरली आहेत का, हे लेखी विचारावं. स्टॉकिंग्ज आणि घरी घ्यायच्या इंजेक्शनांचा खर्चही तेव्हाच विचारून ठेवा.

पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी. बहुतेक वेळा कॅन्सर परत येतो तो पहिल्या दोन वर्षांतच. घरी महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी दोन्ही जांघा आणि मांडीवरच्या तिन्ही छिद्रांच्या जागा बोटांनी चाचपाव्यात. नवी टणक गाठ लागली तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात या.